लाल ब्रेक लाइट आणि त्यामागचे दोन वेगळे दोष

गगनबावड्याकडून किंवा दाजीपूरकडून चिखल तुडवून आलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर लाल ब्रेक लाइट पेटला की कोल्हापुरात दोन टोकांचे सल्ले मिळतात. एकजण म्हणतो, ‘सेन्सर गेलाय, वायर काढून टाक की.’ दुसरा थेट मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग, बदलायला सांगतो. दोन्ही सल्ले गाडीला हात लावण्याआधीच दिलेले असतात. लाइट का पेटतो, कुठून पेटतो आणि कोणत्या क्रमाने तपासायचा हे एकदा नीट कळलं, की पार्ट न बदलताही बहुतेक वेळा मूळ सापडतं. गेल्या पावसाळ्यात एका गाडीवर हे सगळं पायरी-पायरीने केलं, ते इथे मांडतोय.

गाडी डिझेल, फोर-बाय-फोर, लॅडर चेसिसवरची. पुढे डिस्क, मागे ड्रम, हँडब्रेक दोन सीटच्या मधे, केबलवर चालणारा. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर व्हॅक्यूमवर, चाकं जाम होऊ न देणारा एबीएस आहे, डॅशबोर्डवरचा मीटर क्लस्टर एलईडीचा. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. या घडणीच्या बहुतेक गाड्यांत सर्किट थोड्याफार फरकाने असंच असतं.

तक्रार दोन तऱ्हांची होती, आणि सगळ्या गोंधळाचं कारण तेच होतं. करूळ घाटात उतरताना जोरात ब्रेक दाबला की लाल लाइट क्षणभर चमकायचा आणि विझायचा. शिवाय रात्रभर पाऊस पडून गेला की सकाळी लाइट कायमचा पेटलेला असायचा, आणि दुपारी ऊन पडलं की आपोआप जायचा. ब्रेक मात्र दोन्ही वेळा ठणठणीत. लाइट एकच असल्यामुळे दोष एकच असणार असं धरून चाललं, तर यात तासन्‌तास जातात.

आधी ब्रेक, मग लाइट

लाइट खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खरा मानायचा. त्यामुळे मल्टिमीटर हातात घेण्याआधी ब्रेकची तपासणी केली. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं. बूस्टरमधलं व्हॅक्यूम संपलं की पेडल कडक होतं. त्या कडक पेडलवर अर्धा मिनिट एकसारखा दाब ठेवला. पेडल हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. इथे सरकलं नाही. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं, तर पेडल थोडं खाली गेलं. म्हणजे बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप काम करतायत. पंपाच्या पाइपला गेज लावून आकडाही घेता येतो, पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. इथे हवेचा दाबच समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ५० मिलिमीटर पाऱ्याने कमी असतो. त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा असेल, तर तो इथे पूर्ण मिळणार नाही. पंपाला दोष देण्याआधी तेवढं वजा करायचं.

मग चारही चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे सांधे, रबरी होजेस आणि मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला बसतो ती जागा पाहिली. शेवटची जागा बरेचजण विसरतात. मागचा सील गळला तर तेल बाहेर न येता बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही आणि ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली पातळी मात्र उतरत राहते. सांध्याखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं होतं. मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून पाहिल्या, त्याही कोरड्या. ड्रममध्ये तांबड्या मातीचा थर भरपूर होता. तो ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने काढला, हवेच्या पाइपने उडवला नाही. लाइनरची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही.

टाकीतली पातळी मिनच्या रेघेच्या जेमतेम वर होती. इथे बहुतेकजण बाटली उघडतात आणि मॅक्सपर्यंत भरून मोकळे होतात. लाइट जातो, गाडीवाला खूश होतो. पण गळती नसताना पातळी उतरली असेल तर तेल कुठे गेलं, हा प्रश्न तसाच राहतो.

तेल कुठे गेलं

तेल कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, असतं. पॅड झिजले की पिस्टन तेवढा बाहेर सरकून राहतो आणि त्यामागची जागा तेलाने भरते. हा हिशोब कागदावर करता येतो. या गाडीच्या पुढच्या कॅलिपरला प्रत्येकी एकच पिस्टन, व्यास ५४ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर. नव्या पॅडचं मटेरियल ११ मिलिमीटर होतं, उरलेलं मोजलं तर डाव्या चाकाचं आतलं २.५, बाहेरचं ५, उजव्याचं ४ आणि ४.५. सरासरी ४. प्रत्येक पॅड ७ मिलिमीटर झिजला, दोन पॅडचे मिळून पिस्टन १४ मिलिमीटर पुढे आला. एका चाकाला ३२ मिलिलिटर, दोन्हींना ६४.

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलायच्या आधी ब्लीडिंग निप्पल १० च्या पान्याने सैल करून त्यावर पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. पिस्टन ढकलला की जुनं तेल बाटलीत येतं. निप्पल बंद ठेवून ढकललं तर कॅलिपरच्या तळाचा गाळ उलटा एबीएसच्या ब्लॉकमध्ये जातो. त्यातले व्हॉल्व्ह बारीक असतात आणि तो ब्लॉक स्वस्त नसतो. ढकलून झाल्यावर आधी निप्पल आवळायचं, मग हात काढायचा, नाहीतर हवा आत ओढली जाते.

नवे पॅड बसवून, पेडल कडक होईपर्यंत दाबून, मग टाकी मॅक्सपर्यंत भरली. मापाच्या बाटलीतून ६५ मिलिलिटरच्या आसपास लागलं. झिजेचा हिशोब आणि भरलेलं तेल जुळलं, म्हणजे टाकीतून गेलेलं सगळं तेल पिस्टनमागेच होतं. गळती नाही याचा इतका स्वच्छ पुरावा नुसत्या डोळ्यांनी मिळत नाही. लागलेलं तेल दीडशे मिलिलिटर असतं, तर पुन्हा बूस्टरकडे वळावं लागलं असतं.

डावा आतला पॅड जास्त झिजला होता, कारण कॅलिपरची खालची सरकती पिन मातीने धरलेली होती. चिखलात जाणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. पिनचं रबर फाटलं की लाल गाळ आत जातो, कॅलिपर सरकत नाही आणि पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच घासत बसतो. पिन बारीक पॉलिश पेपरने साफ केली, नवं रबर घातलं आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या पिवळ्या ग्रीसने हे रबर फुगतं. तसंच ब्रेकच्या टाकीत इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल गेलं तर सगळ्या सिस्टिमचे सील फुगून बसतात. मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

जुनं तेल चहाच्या रंगाचं झालं होतं, म्हणून पूर्ण बदललं. साधारण एक लिटर लागलं. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात केली: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा. डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि ठरावीक पाणी शोषल्यावर किमान १५५ पर्यंत उतरतो. आंबा किंवा भुईबावडा घाटात भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की हा फरक पेडलवर जाणवतो. फोडलेली बाटली वर्षभर शेल्फवर ठेवून पुन्हा वापरू नये. पावसाळ्यातली दमट हवा तिच्यात शिरलेलीच असते.

घाटात ब्रेक दाबताना लाइट का चमकायचा, ते आता कळलं. टाकीतला तरंगता फ्लोट खाली गेला की त्याच्या चुंबकाने तळाचा रीड स्विच जुळतो आणि लाइट पेटतो. पातळी काठावर असली तर तेल पुढे सरकलं तरी फ्लोट खाली जातो. घाटाच्या डांबरी रस्त्याचा उतार तसा सौम्य, त्याने तेल दोन-तीन मिलिमीटरच हलतं. खरं हलवतं ते ब्रेकिंग. गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट जोराने ब्रेक लावला, तर टाकीतल्या तेलाच्या दृष्टीने गाडी २२ अंशांच्या उतारावर उभी असते. टाकी १० सेंटिमीटर लांब धरली तर एका टोकाला तेल मधल्या पातळीपेक्षा २ सेंटिमीटरने उतरतं. मसाई पठाराकडच्या एखाद्या खडकाळ चढावर गाडी नाक वर करून उभी राहिली तरी हेच होतं, फक्त उलट्या दिशेने. फ्लोट टाकीत कोणत्या बाजूला आहे त्यावर लाइट चढाला चमकणार की उताराला हे ठरतं. पॅड आणि तेल झाल्यावर ही चमक पूर्ण गेली.

पावसानंतरचा लाइट मात्र तसाच राहिला.

एका वायरीवर तीन स्विच

या गाडीत लाल लाइटची वायर क्लस्टरमधून निघते आणि तीन ठिकाणी जाते: तेलाच्या टाकीचा फ्लोट स्विच, हँडब्रेकचा स्विच आणि बूस्टरच्या व्हॅक्यूम लाइनवरचा स्विच. तिन्ही समांतर, आणि तिघांचंही काम एकच, वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, टेकवणं. कोणीही टेकवली की लाइट पेटतो. चौथा मार्ग एबीएसच्या मॉड्यूलकडून येतो, पण तो वायरने नाही, क्लस्टरला जाणाऱ्या संदेशातून.

एबीएसचा मार्ग लगेच सोडून दिला. बहुतेक गाड्यांत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) बंद पडला की लाल लाइटसोबत पिवळा एबीएस लाइटही पेटतो. एका चाकाचा सेन्सर गेला तर साधारणपणे फक्त पिवळा, दोन गेले तर पिवळा आणि लाल. आपल्याकडे पिवळा कधीच पेटला नव्हता. पिवळा पेटत असेल, तर सेन्सरची टोकं आणि दातेरी रिंगमध्ये अडकलेली माती आधी साफ करायची, मग स्कॅनर लावायचा. सी००३५, सी००४०, सी००४५, सी००५० हे कोड अनुक्रमे पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं आणि मागचं उजवं चाक दाखवतात. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे बऱ्याचदा वाचत नाही. त्याने ‘फॉल्ट नाही’ म्हटलं यावर विसंबायचं नाही. एप्रिल २०१९ पासून प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचा झाल्यामुळे हा मार्ग आता जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत असतो.

काही गाड्यांत अल्टरनेटरही या लाइटला जोडलेला असतो. लाल ब्रेक लाइट आणि चार्जिंगचा बॅटरी लाइट दोन्ही एकदम मंद पेटले, तर ब्रेककडे जायच्या आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज पाहायचं. १३.८ ते १४.४ च्या बाहेर गेलं तर अल्टरनेटरचा डायोड किंवा रेग्युलेटर बघायचा. इथे १४.१ होतं.

आता राहिले तीन स्विच. ते तपासायचे तर लाइट पेटलेला हवा, आणि लाइट पेटतो पावसात. गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने पाणी मारणं हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने चांगल्या कपलरमध्येही (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी शिरतं आणि नवा दोष तयार होतो. आम्ही झाडांना पाणी मारायचा साधा स्प्रे आणि झारी घेतली आणि खालून वर एकेक भाग भिजवला. आधी पुढच्या चाकांच्या कमानी, मग व्हॅक्यूम स्विच, मग तेलाच्या टाकीचा कपलर. प्रत्येक ठिकाणी थांबून वाट पाहिली, काही नाही. शेवटी पुढच्या काचेखालच्या जाळीवर झारीने पाणी ओतलं. थोड्या वेळाने लाइट लागला.

लाइट पेटलेला असतानाच एकेक कपलर सोडवायचा. टाकीचा सोडवला, लाइट तसाच. व्हॅक्यूमचा सोडवला, तसाच. मधलं कन्सोल काढून हँडब्रेकच्या स्विचची एकेरी वायर ओढून काढली, तरी तसाच. हँडब्रेकचा स्विच बॉडीलाच अर्थ होतो. दांडा सोडला की त्याचा टेकू स्विचची घुंडी दाबतो आणि संपर्क तुटतो. गाळाने केबल जड झाली आणि दांडा पूर्ण खाली बसला नाही, तर घुंडी सुटी राहते आणि लाइट पेटतो. त्याची परीक्षा सोपी, दांडा हाताने खाली दाबून धरायचा. लाइट गेला तर दोष तिथे. इथे नव्हता.

तिन्ही स्विच सुटलेले आणि लाइट पेटलेला, म्हणजे वायरच कुठेतरी अर्थला टेकतेय. एक सावधगिरी: काही गाड्यांत फ्लोट स्विच उलटा असतो, कपलर सोडवला की लाइट पेटतो. म्हणून ही युक्ती वापरण्याआधी वायरिंग डायग्राम पाहायलाच हवा.

मीटरने काय सांगितलं

क्लस्टरच्या त्या पिनवर मागच्या बाजूने, वायरला छिद्र न पाडता, प्रोब लावला. सुई टोचून इन्शुलेशनला भोक पाडायची सवय फार वाईट. आज टोचलेलं भोक पुढच्या पावसाळ्यात हिरवं पडतं. स्विच सगळे सुटलेले असताना तिथे बॅटरीइतकं, म्हणजे १२.२ व्होल्ट दिसायला हवं होतं. दिसलं २.४. पूर्ण शॉर्ट असता तर शून्य आलं असतं. म्हणजे वायर अर्थला थेट टेकत नव्हती, ओलीतून गळत होती.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबलो, क्लस्टरचा कपलर काढला आणि वायरपासून अर्थपर्यंत रेझिस्टन्स मोजला. सुमारे २५० ओहम. प्रोब उलटे लावले तर आकडा बराच बदलला. हा बदल फार बोलका आहे. कोरड्या तांब्याचा संपर्क असेल तर प्रोब उलटले तरी आकडा तोच राहतो. ओल्या, गंजलेल्या जागी मात्र धातू आणि पाणी मिळून छोटीशी बॅटरीच तयार झालेली असते, तिचं व्होल्टेज मीटरला एकदा मदत करतं आणि एकदा विरोध. आकडा बदलला की दोष पाण्याचा आहे असं समजून पुढे जायचं.

२५० ओहमवर लाइट का पेटावा? जुन्या गाड्यांत १.२ वॉटचा बल्ब असायचा. त्याला नीट पेटायला सुमारे १०० मिलिअँपियर लागतात. २५० ओहममधून ५० सुद्धा जात नाहीत, म्हणजे जुना बल्ब जेमतेम लालसर झाला असता, किंवा तेवढाही नाही. एलईडी क्लस्टरमध्ये वायरीतून बल्बचा प्रवाह जात नाही, नुसता इशारा जातो. वरच्या दोन आकड्यांवरून हिशोब काढला तर क्लस्टरच्या आतला रेझिस्टर साधारण १ किलोओहमचा येतो: १२.२ व्होल्ट, १ किलो आणि २५० ओहम, मधे २.४ व्होल्ट. क्लस्टर म्हणतो, स्विच लागला. दुपारी उन्हात जागा वाळून गळती ४.७ किलोओहमवर गेली होती, तेव्हा पिनवर १० व्होल्ट आलं आणि लाइट गेला. जुन्या जीपमध्ये अशी ओलीची गळती वर्षानुवर्षं खपून जायची, आताच्या गाडीत ती चुगली करते. त्यामुळे नव्या गाड्यांचं वायरिंग नाजूक झालंय ही तक्रार मला पटत नाही. वायर तीच आहे, तिचं ऐकणारा कान तिखट झालाय.

पुढचं काम वायर निम्मी-निम्मी करत जाण्याचं. ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळच्या प्लास्टिक पॅनलमागे मोठा जोड-कपलर आहे. तिथून एक फांदी इंजिनकडे जाते, एक सीटखालून हँडब्रेककडे. कपलर सोडवून दोन्ही बाजू मोजल्या. इंजिनची बाजू ओपन, हँडब्रेकची २५० च्या आसपास. सीट आणि दाराची पट्टी काढून मॅटिंग उचललं. सीटखाली पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या. त्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या, त्यांना मीटर लावायचा नाही. मॅटिंगखालचा नमदा पिळला तर पाणी निघालं. वरून मॅट कोरडं, त्यामुळे आत पाणी आहे याचा कुणाला पत्ता नव्हता.

वायरींचा जुडगा उघडला तसा दोष समोर आला. आधी कधीतरी जास्तीचे फॉग लाइट बसवताना कुणीतरी त्यांच्या बटणासाठी इथून अर्थ घेतला होता. वायर न कापता जोडणारा निळा प्लास्टिकचा क्लिप-कनेक्टर काळ्या अर्थच्या वायरीवर दाबला होता, आणि त्याच्या पात्याने शेजारच्या ब्रेक लाइटच्या वायरीचं इन्शुलेशनही दोनेक मिलिमीटर कापलं गेलं होतं. वरून साधी काळी टेप. टेपचा गोंद ओलीने सुटला होता आणि आत दोन उघडे तांबे हिरव्या ओल्या क्षाराने एकमेकांना जोडले गेले होते. कोरड्यात दोष लपायचा, ओलीत उघडा पडायचा.

दुरुस्ती

हिरवं तांबं घासून चालत नाही. क्षार इन्शुलेशनखाली पुढे-पुढे चढलेला असतो. चकचकीत तार दिसेपर्यंत दोन्ही वायरी कापत गेलो, प्रत्येकी साधारण ५ सेंटिमीटर गेली. मधे त्याच जाडीची, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घालून क्रिंप केली, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. गोंद दोन्ही टोकांनी बाहेर डोकावेपर्यंत तापवली. साध्या स्लीव्हने पाणी अडत नाही, उलट आत अडकून राहतं. दोन वायरींचे जोड शेजारी-शेजारी न ठेवता चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे ठेवले, म्हणजे पुढे एखादा उघडा पडला तरी दुसऱ्याला टेकणार नाही. फॉग लाइटचा अर्थ तिथून काढून स्वतंत्र बोल्टवर, रंग खरवडून, रिंग टर्मिनलने दिला. वायर, स्लीव्ह, टर्मिनल सगळं उद्यमनगरात सहज मिळतं. फक्त स्लीव्ह मागताना ‘आतून गोंदवाली’ असं ठासून सांगायला लागतं.

अर्थ चांगला झाला की नाही हे ओहमवर कळत नाही. लोड चालू ठेवून, अर्थच्या बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजायचं. ०.१ च्या आत असलं तर उत्तम, ०.२ च्या वर गेलं तर पुन्हा खरवडायचं.

पाणी आत कसं येत होतं, ते शोधल्याशिवाय हे सगळं निम्मंच. काचेखालची जाळी उचलली तर खालच्या पन्हाळीची निचऱ्याची भोकं पाल्याने आणि मातीने बुजलेली होती. गाडी झाडाखाली उभी असते. पाणी पन्हाळीत साचायचं आणि फॉग लाइटची वायर जिथून आत घेतली होती त्या कापलेल्या रबरी ग्रोमेटमधून वायरीवरून ओघळत थेट मॅटिंगखाली यायचं. वायर ग्रोमेटकडे वरून उतरत येत होती, म्हणून पाण्याला वाटच मिळाली होती. नवा ग्रोमेट घातला, बाहेरच्या बाजूने वायरीला खाली झोळ दिला म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, आणि काठाने सिलंट लावला. भोकं मऊ प्लास्टिकच्या नळीने मोकळी केली. तारेने खुपसलं तर निचऱ्याची रबरी नळीच निसटून येते.

नमदा पूर्ण काढून वाळवावा लागला. तो जागेवर राहून सुकेल या भरवशावर राहिलं, तर तळाचा पत्रा गंजतो आणि वायरिंग पुन्हा ओलीत लोळतं. जुडग्यावर पन्हाळीदार प्लास्टिक स्लीव्ह चढवून तो पट्ट्यांनी तळापासून दोन बोटं वर बांधला. उसाच्या पट्ट्यात गाडी शेडमध्ये उभी राहत असेल, तर त्या स्लीव्हचा उंदरांसाठीही उपयोग होतो. कुरतडलेल्या वायरीने हाच लाल लाइट पेटलेल्या गाड्या दर पावसाळ्यात दिसतात.

शेवटची परीक्षा पुन्हा झारीनेच घेतली. त्याच जाळीवर भरपूर पाणी, मग मॅटिंगखाली हात घालून कोरडं आहे का ते पाहणं, आणि क्लस्टरच्या पिनवर मीटर. १२.२ होतं, पाणी ओतत असतानाही हललं नाही. मग तिन्ही कपलर परत लावून प्रत्येक स्विच खरोखर लाइट लावतो का तेही तपासलं: हँडब्रेक पहिल्या खटक्यावर, टाकीचा फ्लोट स्वच्छ काडीने खाली दाबून, व्हॅक्यूमचा इंजिन बंद ठेवून, पेडल दाबून बूस्टर रिकामा केल्यावर. तिन्ही वेळा लाइट लागला, सोडला की गेला. फक्त हँडब्रेकच्या स्विचवरचं रबरी टोपण फाटलेलं निघालं. ते सुटं मिळत नाही, पूर्ण स्विचच घ्यावा लागतो. तो मागवलाय, तोवर घुंडीभोवती सिलिकॉन ग्रीस भरून ठेवलंय.